नाके गेले, वाट पाहणे राहिले

जर्मनीतील कोलोन शहरातून सकाळी मोटार काढावी, आखेनपाशी बेल्जियममध्ये शिरावे, लिएजवरून आर्देन्सच्या रानातून जात लक्झेंबर्गला दुपार करावी आणि मेत्समार्गे फ्रान्समधील स्ट्रासबर्गला मुक्काम गाठावा, असा बेत आता मुंबई-पुण्याच्या अनेक मराठी कुटुंबांच्या सुटीत असतो. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर, म्हणजे मुंबई-पणजीपेक्षा काहीसे कमीच. एवढ्यात चार देश होतात. रस्त्याच्या कडेला निळी पाटी, तिच्यावर बारा तारे आणि मध्ये देशाचे नाव, एवढीच सीमेची खूण. फोनवर नव्या देशाच्या दूरध्वनी कंपनीचा संदेश वाजतो, तेव्हा मागच्या आसनावरील मुलांना देश बदलल्याचे कळते.

तरीही हा दिवस योजल्यापेक्षा लांबतो. जर्मन महामार्गांची दुरुस्ती बारमाही चालू असते. लक्झेंबर्गमध्ये इंधनावरचा कर शेजाऱ्यांपेक्षा कमी, म्हणून तेथील पंपांवर तीन देशांच्या मोटारी रांग धरतात. फ्रान्समध्ये शिरल्यावर मेत्स-स्ट्रासबर्ग मार्गावर पथकर भरावा लागतो. शिवाय ज्या सीमा उठल्या म्हणून गाजावाजा झाला, त्या पुन्हा थोड्याथोड्या उभ्या राहू लागल्या आहेत. फ्रान्सने नोव्हेंबर २०१५ मध्ये आणि जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली. अशा रीतीने अंधार पडतो, साडेनऊ वाजतात, आणि एखाद्या छोट्या फ्रेंच गावातील उपाहारगृहाच्या दारात या कुटुंबाला नम्रपणे सांगितले जाते की स्वयंपाकघर बंद झाले. दिवे चालू असतात, आत माणसे कॉफी घेत बसलेली दिसतात, पण जेवण नाही. रविवार असेल तर शेजारचे किराणा दुकानही बंद. शेवटी सामानातील थेपले, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट यांवर रात्र निभावते. कोणी अधिक चिकाटीचा असेल तर तो स्थानकाजवळचे एखादे तुर्की दुकान शोधून काढतो.

परत आल्यावर ही हकीकत रंगवून सांगितली जाते आणि तिचा शेवट बहुधा एका अभिमानाच्या वाक्याने होतो : आपल्याकडे रात्री बारा वाजताही गरम जेवण मिळते. वाक्य खरे आहे. मुंबई-गोवा महामार्गावर पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, कोठेही मध्यरात्री गाडी थांबवा, तांदळाची भाकरी आणि मच्छीची थाळी समोर येईल. मात्र या अभिमानाची थोडी चिकित्सा करण्यासारखी आहे. फ्रान्समधील बंद स्वयंपाकघर आणि नागोठण्याजवळची पेटती चूल या दोहोंच्या मागे एकच प्रश्न उभा आहे. रस्त्यावर जो वेळ जातो त्याची किंमत कोण मोजतो, आणि ती मोजताना कोणाचा तास हिशेबात धरला जातो?

युरोपातील सीमा कशा उठल्या ही कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. मुत्सद्द्यांना एका सकाळी बंधुभावाचा साक्षात्कार झाला, असे काही घडले नाही. १९८४ च्या फेब्रुवारीत इटलीच्या आणि फ्रान्सच्या जकात कर्मचाऱ्यांनी आपल्या मागण्यांसाठी काम मंदावले. आल्प्स पर्वतातील मार्गांवर मालमोटारी दिवसेंदिवस अडकून पडल्या. थंडी, संपत आलेला शिधा, भरलेला माल आणि घरी जाण्याची वाट बंद, या अवस्थेत चालकांनीच रस्ते अडवले आणि पाहता पाहता फ्रान्सचे मोठमोठे मार्ग ठप्प झाले. त्याच वर्षी जुलैत फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी झारब्रुकेन येथे आपसातील सीमेवरील तपासणी सैल करण्याचा करार केला. पुढच्या वर्षी, १४ जून १९८५ रोजी, लक्झेंबर्गमधील शेंगेन या मोझेल नदीकाठच्या खेड्यापाशी, एका बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या. प्रत्यक्ष अंमल २६ मार्च १९९५ रोजी सात देशांत सुरू झाला. आज ज्या व्हिसावर आपले प्रवासी हिंडतात त्याला या खेड्याचे नाव आहे. पण त्या खेड्यापर्यंत करार नेऊन पोचवण्यात मालमोटारींच्या चालकांचा वाटा होता, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांचा खोळंबलेला तास इतरांना सोसेनासा झाला, तेव्हा सीमेची किंमत सरकारांना कळली.

आपल्याकडेही सीमा होत्या, आणि त्या काही दूरच्या इतिहासात नव्हेत. रोहे ज्या कुंडलिकेच्या काठी वसले आहे, तिची खाडी ही जंजिरा संस्थानची उत्तर सीमा होती. एका तीरावर ब्रिटिशांचा कुलाबा जिल्हा, दुसऱ्या तीरावर सिद्दीचे राज्य. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि ती सीमा मिटली. १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. त्याच रस्त्याने दक्षिणेला गेले की बांद्यापुढे पत्रादेवी लागते. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ती परकीय सत्तेची हद्द होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तेथे शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. आज त्याच ठिकाणावरून मोटार वेग न कमी करता जाते. गोव्याहून परतताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर उत्पादन शुल्क खात्याचा माणूस गाडीतील बाटल्यांची चौकशी करील, तेवढेच. मद्यावरचा आणि पेट्रोलवरचा कर दोन राज्यांत वेगळा, म्हणून सावंतवाडीकडील माणसे संधी मिळेल तेव्हा टाकी गोव्यात भरतात. लक्झेंबर्गच्या पंपावरील रांग आणि ही टाकी यांचे अर्थशास्त्र एकच आहे.

त्याहून अधिक त्रासाच्या सीमा शहरांच्या वेशीवर होत्या. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, पण मुंबईची टिकली. कोकणातून माल घेऊन निघालेल्या गाडीला घाटवळणे, पूल आणि पाऊस यांतून वाट काढीत मुंबईच्या तोंडाशी यावे लागे आणि तेथे मानखुर्दला रांगेत उभे राहावे लागे. कागद पाहायचे, मालाचा अंदाज घ्यायचा, रकमेवर घासाघीस करायची, आणि या सगळ्यात दलालाची सोय वेगळी. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकातीचे नाके गेले. त्यामागोमाग २०१८ मध्ये मालवाहतुकीचे ई-बिल आले आणि २०२१ पासून पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. ही कामगिरी लहान नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या वाटाघाटींनंतर एवढ्या राज्यांनी आपला करविषयक अधिकार एका परिषदेकडे सोपवावा, ही घटना शेंगेनच्या तोडीची मानायला हरकत नाही. नाक्यावरचे चहावाले, पंक्चर काढणारे आणि दलाल यांचे उत्पन्न बुडाले. पहिल्या दोघांबद्दल वाईट वाटावे, तिसऱ्याबद्दल नाही.

मग प्रवास लवकर होऊ लागला का? कोकणच्या बाबतीत याचे उत्तर प्रत्येक गणेशोत्सवात मिळत आले आहे. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून रायगडमधीलच इंदापूरपर्यंतच्या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये हाती घेतले गेले. मधल्या काळात महामार्गाचा क्रमांक १७ चा ६६ झाला, मुंबईत जकात होती ती गेली, देशाची करव्यवस्था बदलली, पण बारा वर्षांनंतर, २०२३ चे गणपती आले तेव्हाही हा टप्पा धडपणे पुरा झालेला नव्हता. कोकणी माणसाला अडवणारा कोणीही शिपाई वाटेत उभा नव्हता. अडवीत होते ते खड्डे, अर्धवट पूल आणि वळणरस्ते. नाक्यावर निदान कोणाला तरी शिव्या घालता येत. खड्ड्याला तोंड नसते, आणि कंत्राटदार, उपकंत्राटदार, प्राधिकरण, राज्याचे खाते यांच्यात जबाबदारी इतकी वाटली जाते की ती शेवटी कोणाच्याच वाट्याला येत नाही.

येथे एका तांत्रिक बाबीकडे वळणे आवश्यक आहे, कारण तिचा उल्लेख वर्तमानपत्रांत क्वचितच होतो. रस्ता बांधावा की नाही हे ठरवताना त्याचा आर्थिक लाभ काढला जातो. त्यात इंधनाची बचत, गाड्यांची झीज, अपघात यांच्या जोडीला प्रवाशांच्या वाचणाऱ्या वेळेचे मोल धरले जाते. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची यासाठी एक नियमपुस्तिका आहे. तिच्या पद्धतीत वेळेचे मोल प्रवाशाच्या उत्पन्नाच्या आधाराने निघते. म्हणून मोटारीतील प्रवाशाचा तास महाग आणि एसटीतील प्रवाशाचा तास स्वस्त. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे यात वावगे काही नाही. जगभर अशाच पद्धती रूढ आहेत. पण तिचा व्यवहारातील अर्थ असा होतो की ज्याची मिळकत कमी, त्याने अधिक वाट पाहिली तरी देशाचे नुकसान कमी.

पेण आणि रोहा या तालुक्यांच्या टापूतील निडी या गावाच्या बाजूने हा हिशेब पाहावा. नागोठणे आणि रोहे यांच्या मधले हे छोटे रेल्वेस्थानक. आपट्याहून रोह्यापर्यंतचा लोहमार्ग १९८६ मध्ये झाला. पुढे कोकण रेल्वे आली, तिचा आरंभ रोह्यापासून. म्हणजे निडी ओलांडले की पुढच्याच स्थानकावर मध्य रेल्वेची हद्द संपते आणि दुसऱ्या महामंडळाची सुरू होते. ही देखील एक सीमाच, पण मडगावला निघालेल्या प्रवाशाला ती जाणवत नाही. त्याची गाडी निडीचे नाव वाचू न देता पुढे जाते. निडीच्या माणसाला मात्र दिवा-रोहा मार्गावरच्या ज्या थोड्या गाड्या थांबतात त्यांच्या वेळेवर आपला दिवस बेतावा लागतो. गाडी चुकली की रस्ता धरायचा. एका बाजूला नागोठण्याचा पेट्रोरसायन कारखाना, दुसऱ्या बाजूला रोह्याजवळची धाटावची औद्योगिक वसाहत. बाजार पेणला नाही तर रोह्याला. या परिसरात रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाची एसटी महामार्गावर अडकली आणि दीड तास उशीर झाला, तर त्याचा अर्धा रोज जातो किंवा संध्याकाळची गाडी चुकते. मोटारीतून गोव्याला चाललेल्या कुटुंबाचे तेवढ्याच खोळंब्याने जेवण लांबते. नियमपुस्तिकेत मोटारीतील तास महाग ठरतो. प्रत्यक्षात पोटाला चिमटा कोणाच्या बसतो हे सांगायला पुस्तिका लागत नाही.

आता पुन्हा त्या बंद स्वयंपाकघराकडे येऊ. फ्रेंच आचारी साडेनऊला चूल विझवतो याचे कारण आळस किंवा अतिथ्याचा अभाव हे नाही. युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या वेळेसंबंधीच्या निर्देशानुसार कामगाराला दर चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती आणि आठवड्यात एक पूर्ण दिवस सुटी मिळावी लागते. रात्री अकराला ताटे धुऊन निघालेल्या माणसाला सकाळी दहाच्या आत कामावर बोलावता येत नाही. मालमोटारीच्या चालकासाठी २००६ चा नियम आणखी काटेकोर आहे : साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास थांबायचे, दिवसाला साधारणपणे नऊ तासच हाकायची, आणि हे सारे गाडीतील यंत्रावर नोंदले जाते. जर्मनीत रविवारी मोठ्या मालमोटारी रस्त्यावर आणताच येत नाहीत. या नियमांत पगाराचा प्रश्न नाही. आचारी असो वा वकील, अकरा तास ते अकरा तास. प्रवाशाच्या तासाला उत्पन्नाप्रमाणे किंमत लावणाऱ्या शास्त्राला येथे कायद्याने एक मर्यादा घातली आहे, आणि तिची किंमत उपाशी पाहुणा भरतो.

युरोपाचे गोडवे गाण्याचा हा प्रकार नव्हे. ते तुर्की दुकान मध्यरात्रीपर्यंत उघडे राहते, कारण तेथे बहुधा घरचीच माणसे राबतात आणि कौटुंबिक श्रमांना त्या निर्देशात सवलत ठेवण्याची मुभा आहे. मालमोटारींचे म्हणाल तर पश्चिमेच्या रस्त्यांवर पूर्वेकडील स्वस्त चालक आठवडेच्या आठवडे गाडीच्या खोपटीत काढतात. २०२३ मध्ये जर्मनीतील ग्रेफेनहाउझेन येथील थांब्यावर जॉर्जिया आणि उझबेकिस्तानमधील चालकांनी थकलेल्या पगारासाठी गाड्या उभ्या करून संप केला, तेव्हा ही बाजू जगासमोर आली. सीमा उठल्याने माल मोकळा झाला. माणूस किती मोकळा झाला हे प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागते. फरक एवढाच की तेथे नियम आहे, म्हणून नियमभंग दिसतो.

आपल्याकडे नियम नव्हते असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती, असे सारे लिहून ठेवले होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांना लागू होता, आणि आपली मालवाहतूक मुख्यतः एक-दोन गाड्या बाळगणाऱ्या मालकांच्या हाती. कायदा ज्याच्यासाठी केला तो कायद्याच्या बाहेरच उभा राहिला. पुढे २०२० च्या संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला. कुंपण हलले म्हणून बाहेरचा माणूस आत आला असे समजण्याचे कारण नाही. खाणावळींची गोष्ट याहून निराळी नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने रात्रंदिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली, कामाच्या तासांवर मर्यादाही घातली, पण दहाहून कमी कामगार असलेल्या आस्थापनांना त्या तरतुदींतून मोकळे ठेवले. महामार्गावरील खाणावळीत एक आचारी, दोन वाढपी, भाकऱ्या थापणाऱ्या दोन बाया आणि भांडी घासणारा एक पोऱ्या असतो. मध्यरात्रीच्या थाळीचे रहस्य या संख्येत आहे.

आणखी एक उदाहरण देण्याजोगे आहे. गणेशोत्सवात चाकरमान्यांची वाहतूक सुरळीत व्हावी म्हणून महामार्गावर अवजड वाहनांना ठरावीक दिवशी बंदी केली जाते. हेतू योग्य आहे. पण त्या दिवसांत मालमोटारी कोठे असतात? रस्त्याच्या कडेला, पंपाच्या आवारात, जागा मिळेल तेथे. चालक आणि क्लीनर यांना मोबदला खेपेवर मिळतो; गाडी उभी राहिली की भत्ता तोच आणि जेवणाचा खर्च वाढलेला. हॉल्टिंगचे पैसे करारात लिहिलेले असले तरी ते मालकापर्यंत येतात आणि तेथून खाली उतरतीलच असे नाही. गणपतीला जाणाऱ्यांच्या सोयीची किंमत अशा रीतीने ज्यांना गणपतीला घरी जाता येत नाही ते भरतात, आणि तिची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही.

मार्ग अगदीच नाहीत असे नाही, आणि एक तर निडीपासून फार दूर नाही. कोलाड ते वेर्णा या ४१७ किलोमीटरवर कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेल्या मालमोटारी आपल्या वाघिणींवरून नेते. चालक आपल्या गाडीतच बसून जातो, स्टिअरिंग हाती न धरता. डिझेल वाचते हे तिचे समर्थन नेहमी दिले जाते. चालकाला एक रात्र झोप मिळते हे समर्थन तेवढ्याच मोठ्याने द्यायला हवे होते. २०२५ च्या गणेशोत्सवात हीच सोय खाजगी मोटारींनाही देण्यात आली. मोटारवाल्यांच्या सोयीची बातमी लगेच झाली. मालमोटारींची सेवा त्याआधी पाव शतक चालू होती, तिच्याविषयी इतके लिहिले गेल्याचे आठवत नाही.

याहून साध्या गोष्टी करता येतील. रस्त्याचे काम रखडले तर कंत्राटदाराला दंड होतो, पण तो कामाच्या रकमेच्या प्रमाणात. त्याऐवजी खोळंबलेल्या माणसांच्या तासांच्या प्रमाणात लावावा, आणि तो मोजताना एसटीतील चाळीस-पन्नास माणसांचा तास मोटारीतील चौघांच्या तासाच्या दरानेच धरावा. असे केले तर कोणता पूल आधी पुरा करायचा याचा क्रमच बदलेल. उत्सवातील बंदीच्या दिवसांसाठी मालमोटारींच्या थांब्यांची जागा, पाणी, शौचालये आणि चालकाच्या हाती पडणारा भत्ता यांची तरतूद बंदीच्या आदेशातच करावी. आदेश काढणाऱ्या खात्याला ते अशक्य नाही. बंदीची तारीख तर पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते.

राहिला प्रश्न खाणावळीचा. नऊ वाजता चुली विझवा असे कोणी म्हणणार नाही. ज्या रस्त्यावर गाडी केव्हा पोचेल याचा भरवसा नाही, तेथे मध्यरात्रीचे जेवण ही गरज आहे, आणि त्यावर अनेक घरे चालतात. मागणी एवढीच की सकाळी सहाला चहा उकळणारा आणि रात्री एकला भाकरी वाढणारा माणूस एकच असू नये. दुसरी पाळी असावी आणि आठवड्याची एक सुटी भरपगारी असावी. मालक म्हणतील, परवडत नाही. दोन-चार माणसांच्या जादा पगाराचा बोजा थाळीमागे पाच-दहा रुपये पडेल, फार तर पंधरा. गिऱ्हाईक तेवढे देणार नाही, अशी त्यांची खात्री असते. पण स्ट्रासबर्गला साध्या जेवणाचे माणशी वीस युरो मोजून आलेले आणि तेथील शिस्तीचे कौतुक करणारे हेच गिऱ्हाईक आहे. ते पंधरा रुपये एकदा गल्ल्यावर मागून पाहायला हरकत नाही.